पहिला नंबर राखायचाय? आधी फुकटचं सर्च कन्सोल नीट वाचा

छोट्या धंद्यांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. गूगलच्या निकालांत साइट वर आणणं एकवेळ जमतं. वर आल्यावर मागचे सगळे तुमचंच पान उघडून अभ्यास करतात, खरी कसरत तिथून पुढे. त्यासाठी मी सतत उघडते ते गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी चाललीय ते दाखवणारं गूगलचंच टूल. २०१५पर्यंत याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं. पैसे लागत नाहीत, साइट आपलीच आहे एवढं सिद्ध करावं लागतं.

सोनं आहे ते परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये. क्लिक्स, इम्प्रेशन्स (आपलं पान निकालांत किती वेळा दिसलं), पोझिशन (निकालांतला सरासरी नंबर) असं सगळं १६ महिने मागेपर्यंत दिसतं. मी यंदाचे तीन महिने गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून बघते, म्हणजे हंगामाचा चढउतार फसवत नाही. पोझिशन घसरली तर बहुधा कुणीतरी पुढे सरकलंय. पोझिशन तीच पण क्लिक्स कमी, तर निकालांच्या पानावर शोधा: वर जाहिराती वाढल्यात, एआयचं उत्तर आलंय की शेजाऱ्याचं शीर्षक जास्त नेमकं आहे? आणि पोझिशन तीच असून इम्प्रेशन्सच आटली, तर लोक ते कमी शोधतायत. तिथे चांगलं चाललेलं पान उकरू नये.

एक सावधगिरी. अख्ख्या साइटची सरासरी पोझिशन बघून घाबरू नका. नवी पानं चाळिसाव्या नंबरावर दिसायला लागली तरी सरासरी पडते, मुख्य पान जागेवरच असतं. एकेक क्वेरी, म्हणजे लोकांनी सर्चमध्ये टाकलेले शब्द, उघडून बघा. मोबाइलवर स्वतःच सर्च करून ‘आपण पहिले’ म्हणणाऱ्या मालकांना तर मी हात जोडते. ठिकाणानुसार निकाल बदलतात हो!

उणिवा आहेतच. स्पर्धकांबद्दल अवाक्षर नाही. तक्त्यात १००० ओळींपुढे काही दिसत नाही, आणि फार कमी लोकांनी शोधलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी लपवतात, त्यामुळे बेरीज जुळत नाही. स्पर्धकांसाठी एचरेफ्स, सेमरश ही महागडी टूल्स आहेत, पण दुसऱ्याच्या ट्रॅफिकचे त्यांचे आकडे अंदाजाचेच. मी आधी वरचे पाच निकाल उघडते आणि आपल्या पानात काय नाही ते वहीत उतरवते.

घसरण गूगलच्या कोअर अपडेटच्या (निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलाच्या) तारखांना जुळत असेल तर हातघाई नको. अपडेट पूर्ण झाल्यावर निदान आठवडाभर थांबून मग आकडे बघा, असं गूगलच सांगतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या १००० ओळींसाठी.