कराडची एक दिवसाची गाडी : यशवंतराव चव्हाणांची ठिकाणं बघायची असतील तर हाफ डे घेऊ नका

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन कराडला गेले होते, तिथल्या एका लोकल गाडीवाल्यांकडून दिवसभरासाठी गाडी केली, अडीच हजार घेतले, टोल पार्किंग सगळं त्यातच. आधी फोनवर ते हाफ डेच सांगत होते, म्हणजे प्रीतिसंगमावरची समाधी, साहेबांचा कराडमधला विरंगुळा बंगला आणि परत. पण ड्रायव्हरमामाच म्हणाले, "ताई, साहेब समजून घ्यायचे असतील तर देवराष्ट्रे बघाया पाहिजे, सकाळी लवकर निघू." ऐकलं ते बरं झालं.

देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या जवळ. यशवंतरावांचं हे आजोळ, मूळ गाव विटा. 12 मार्च 1913 ला इथे जन्म. वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी कष्ट करून मुलं वाढवली. घर एवढं साधं आहे की बाबा बराच वेळ दारातच उभे राहिले, आणि मला तर तिथे पहिल्यांदा कळलं की इथून दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी चारही खाती सांभाळण्यापर्यंत जाणं म्हणजे काय अंतर आहे ते, पुस्तकात वाचून ते कळत नाही.

मामांना माहिती भरपूर, आणि घोकलेली नाही. साहेबांच्या शाळेवरून, टिळक हायस्कूलवरून, जाताना त्यांच्या 1932 च्या तुरुंगवासाचं सांगितलं. साहेबांच्या पत्नी वेणूताईंचं सांगताना तर मामांनी गाडीच बाजूला घेतली, 1942 च्या जूनमध्ये लग्न, लगेच ऑगस्टची चळवळ, नवरा भूमिगत आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत या नव्या नवरीला पोलिसांनी पकडून नेलेलं. कराडात वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, तिथे साहेबांचा पुस्तकांचा संग्रह ठेवलाय, ते चुकवू नका, आम्ही तिथे तासभर होतो आणि तोही कमी पडला.

मला आवडलं ते हे की मामा नुसतं कौतुक करत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी लोक साहेबांवर किती चिडले होते, आणीबाणीत ते गप्प का राहिले, हे पण स्वतःहून काढलं. बाबा आणि ते यावर चांगले अर्धा तास वाद घालत होते. मला वाटतं ते गप्प राहणं चूकच होतं, पण म्हणून 1 मे 1960 चा मंगलकलश, 1962 ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ हे कसं विसरायचं. आणि आमच्या घरात तर विसरणं शक्यच नाही, बाबांचं हायस्कूल पूर्ण झालं ते साहेबांच्या काळात सुरू झालेल्या ईबीसीच्या, म्हणजे गरीब घरातल्या मुलांसाठीच्या फीमाफीवर, नाहीतर आजोबा त्यांना शेतावरच ठेवणार होते, पुढे बाबा झेडपीच्या शाळेतच मास्तर झाले.

तक्रार एवढीच की गाडी जुनी आहे, एसी दुपारी नीट चालत नव्हता आणि मागच्या सीटवर वयस्कर माणसाला चढायला त्रास होतो. बुकिंग करतानाच कमी उंचीची गाडी मागा. जेवणाचा ब्रेक पण आधी ठरवून घ्या, आम्हाला तीन वाजले.

प्रीतिसंगमाला शेवटी गेलो, संध्याकाळी. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथेच समाधी आहे. जून 1983 ला वेणूताई गेल्या आणि 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत साहेब, मध्ये दीड वर्षसुद्धा नाही. बाबांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसले. वेळ संपून गेली होती तरी मामांनी एकदाही हॉर्न दिला नाही की एक्स्ट्रा पैसे मागितले नाहीत, अंधार पडेपर्यंत ते पण येऊन बाबांच्या शेजारी बसून राहिले.