शिक्षणविषयक संशोधन: चौथ्या वर्षाचा प्रकल्प की प्राध्यापकांसोबत आधीपासूनची भागीदारी?

वर्गात शिकवलेले विद्यार्थ्यांना कितपत आणि कसे समजते, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यासमोर महाराष्ट्रात आज मुख्यतः दोन मार्ग आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने आखून दिलेला चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प हा एक. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षातच एखाद्या प्राध्यापकांच्या अध्यापनविषयक अभ्यासात सहभागी होणे हा दुसरा. दोन्हींना संशोधनच म्हटले जाते, परंतु विद्यार्थ्याच्या पदरी जे पडते ते बरेच वेगळे असते.

पहिल्या मार्गाचे नियम स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी निवडता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रकल्प करावा लागतो. संशोधन न निवडणारा विद्यार्थी त्याऐवजी तीन विषय पूर्ण करतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील नियमांनी चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरवले. म्हणून ज्याला पीएच.डी.कडे थेट जायचे आहे, त्याच्या दृष्टीने चौथे वर्ष महत्त्वाचे आहे. काम गुणपत्रिकेवर नोंदले जाते, मार्गदर्शक ठरलेला असतो आणि प्रबंध विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर असतो.

मर्यादा आहे ती वेळेची, आणि शिक्षणविषयक संशोधनात ती विशेष जाचते. प्रयोगशाळेतील प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतो. वर्गात एखादा विषय मात्र सत्रातून एकदाच शिकवला जातो. एखादा विषय शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना काय ठाऊक होते हे पाहणारी पूर्वचाचणी सत्राच्या सुरुवातीलाच घ्यावी लागते, आणि तिच्याही आधी संशोधनाचा प्रश्न ठरवणे, प्रश्नावली पडताळणे, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मान्यता व सहभागींची लेखी संमती मिळवणे ही कामे उरकावी लागतात. चौथे वर्ष सुरू झाल्यावर विषय शोधू लागणाऱ्याच्या हातून पहिले सत्र निसटते, आणि मग एकदाच भरून घेतलेल्या मतप्रश्नावलीवर प्रबंध उभा राहतो. अशा प्रबंधातून विद्यार्थ्यांना शिकवणे आवडले की नाही एवढे कळते. त्यांना विषय कळला की नाही, हे कळत नाही.

दुसऱ्या मार्गाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्या नावाखाली दोन अगदी भिन्न भूमिका येतात. एका भूमिकेत विद्यार्थी सहायक असतो: प्रश्न प्राध्यापकांनी ठरवलेला असतो, विद्यार्थी उत्तरपत्रिकांतील नोंदी संगणकात भरतो आणि मुलाखती लिहून काढतो. दुसऱ्या भूमिकेत तो भागीदार असतो आणि काय शोधायचे हे ठरवण्यापासून त्याचा वाटा असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधील ब्रिन मॉर महाविद्यालयात २००६ पासून चालणाऱ्या उपक्रमात विद्यार्थी प्राध्यापकांच्या वर्गात दर आठवड्याला बसतात, सविस्तर निरीक्षणे लिहितात आणि त्यांवर प्राध्यापकांशी नियमित चर्चा करतात. या कामाचे त्यांना मानधन मिळते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातही विद्यार्थ्यांना मानधन देणारा असा उपक्रम आहे, आणि विद्यार्थी-प्राध्यापक भागीदारीला वाहिलेले एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक २०१७ पासून तेथून निघते, ज्याच्या संपादनातही विद्यार्थी असतात. या परंपरेत भागीदारी म्हणजे समान काम नव्हे. परस्पर आदर, देवाणघेवाण आणि सामायिक जबाबदारी असेल, तर दोघांचे योगदान वेगवेगळे असणे स्वाभाविकच मानले जाते.

विद्यार्थी भागीदाराकडे असे काय असते जे अनुभवी प्राध्यापकांकडे नसते, याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या उदाहरणाने देता येईल. बल आणि गती या संकल्पना कितपत समजल्या हे तपासणारी एक बहुपर्यायी चाचणी १९९२ पासून जगभर वापरली जाते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या गुणांची तुलना प्रसिद्ध केली आणि जेथे विद्यार्थी वर्गातच चर्चा व कृती करीत होते, तेथील प्रगती केवळ व्याख्यानांच्या वर्गांपेक्षा सुमारे दुप्पट असल्याचे दाखवले. सहायक अशा तुलनेसाठी आकडे भरू शकतो, आणि ते कामही मोलाचे आहे. परंतु वस्तू ज्या दिशेने जाते त्या दिशेने तिच्यावर बल असलेच पाहिजे, हा चुकीचा पर्याय मुले पुन्हा पुन्हा का निवडतात, याचे उत्तर आकड्यांत नसते. दोन वर्षांपूर्वी स्वतः तोच पर्याय निवडलेला विद्यार्थी त्यामागचा विचार आतून सांगू शकतो. महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकून इंग्रजी व्याख्यानांना बसणारा विद्यार्थी प्राध्यापकांसमोर ‘समजले’ म्हणून मोकळा होतो. त्याच्याच वाटेने आलेल्या भागीदाराने मराठीत मुलाखत घेतली, तर अडचण संकल्पनेची आहे की भाषेची, हे वेगळे करता येते. माझ्या मते पदवीच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात करता येण्यासारखे सर्वांत अस्सल काम हेच आहे, आणि ते सहायकाच्या भूमिकेत राहून क्वचितच करता येते.

भागीदारीचे धोकेही खरे आहेत. जे प्राध्यापक आपल्याला गुण देणार, त्यांच्या अध्यापनातील उणीव मोकळेपणाने सांगणे कोणालाही कठीण जाते. म्हणूनच ब्रिन मॉरमध्ये भागीदार विद्यार्थी स्वतः ज्या विषयाला बसला आहे तो वर्ग पाहत नाही, आणि हा नियम आपल्याकडे एक रुपयाही खर्च न करता पाळता येईल. सहाध्यायांच्या उत्तरपत्रिका हाताळताना त्यांची नावे आधीच काढून टाकलेली असणे, हा दुसरा आवश्यक नियम. मानधनाची व्यवस्था आपल्या बहुतेक महाविद्यालयांत नाही. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६९ पासूनच्या पदवी-संशोधन योजनेत मोबदला, श्रेयांक किंवा स्वेच्छा यांतून विद्यार्थी निवड करतो. येथे बहुधा स्वेच्छा एवढेच उरते. घरखर्चासाठी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने असे काम स्वीकारताना आठवड्याचे तास आधी ठरवून घ्यावेत, आणि ते पाळले जात नसतील तर नकार देण्यात कमीपणा मानू नये.

विज्ञान शाखेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा २००४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय उपक्रमही पाहण्याजोगा आहे. त्यातील प्रकल्प प्रामुख्याने विज्ञानाचे असले, तरी ते विज्ञानशिक्षणावर संशोधन करणाऱ्या संस्थेत होतात.

प्राध्यापकांनी विचारणा केल्यास होकार देण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: प्रश्न ठरला आहे की ठरायचा आहे, मान्यता कोण मिळवणार, आणि लेख झाल्यास लेखकांत नाव येणार की केवळ आभारांत. नाव हवे असेल तर लेखनात व निष्कर्षांच्या जबाबदारीतही वाटा उचलावा लागेल, हे विद्यार्थ्यानेही मान्य केले पाहिजे. प्रश्न आधीच ठरलेला असेल तर काम एका सत्रापुरते, शिकण्यासाठी घ्यावे. ठरायचा असेल तर दुसऱ्या वर्षीच सुरुवात करावी आणि चौथ्या वर्षाचा प्रकल्प त्यातूनच उभा करावा, म्हणजे पूर्वचाचणीची वेळ हुकत नाही. मात्र भागीदारीच्या काळात घेतलेली माहिती प्रबंधात वापरायची असेल, तर तो वापर मूळ संमतिपत्रातच नमूद करून घ्यावा, कारण वर्ष उलटून सहभागी विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेल्यावर त्यांची नव्याने संमती मिळवणे जवळजवळ अशक्य होते.