बादलीतलं कंपोस्ट का गांडूळ खत?

सांगलीच्या वहिनी मागं लागल्यात, ओल्या कचऱ्याचं बादलीत कंपोस्ट करू का गांडूळ खताचा बेड आणू. मी दोन्ही केलंय म्हणून लिहितो.

खर्चाचं बघाल तर बादली जवळपास फुकट, रंगाची जुनी बादली घेतली, तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडली, गावाकडनं पोतंभर उसाचं पाचट आणलं, झालं. गांडुळाला बेड, शेण आणि गांडुळंसुद्धा विकत. पण खत दीड-दोन महिन्यात, चहा पावडरीसारखं मोकळं. बादलीला माझे तीन महिने गेले.

आता त्रास. आंब्याच्या सीझनला कोयी-साली नुसत्या ओतत गेलो तर खालनं काळं पाणी, चिलटं, आणि बायकोनं बादली माझ्यासकट बाहेर काढली. मग पाचटाचे दोन थर जादा टाकले, चार दिवसात वास गेला. गांडुळं लई नाजूक, लिंबाच्या साली, उरलेलं कालवण चालत नाही, आणि मे महिन्यात गच्चीवर एक दिवस ओलं पोतं झाकायला विसरलो तर निम्मी मेली.

पर्यावरणाचा फायदा दोन्हीत तोच, ओला कचरा डेपोत दाबला की हवेविना सडून मिथेन होतो, 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटीहून जास्त तापवणारा. पैशाचं म्हणाल तर कुंड्यांचं विकतचं खत बंद, एवढंच. कमाई वगैरे विसरा.

फ्लॅट, गावाला जाणं-येणं असेल तर बादली. सावली, शेणाची सोय आणि परसात भाजीपाला असेल तर गांडूळ. वहिनी, तुमची गॅलरी बघता बादलीच घ्या.