चॉक पेंट वापरून आठ महिने झाले, आता सांगते कुठे टिकला आणि कुठे नाही

जानेवारीत आमच्या सोसायटीतले एक भाडेकरू घर सोडून गेले आणि जाताना पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक साइड टेबल ठेवून गेले. पार्टिकल बोर्डचं, वर चॉकलेटी सनमायका, एक ड्रॉवर, एका कोपऱ्याची पट्टी उचकटलेली, बाकी चारही पाय धड. वॉचमनकाका म्हणाले, ताई, उद्या भंगारवाला येतोय, हवं असेल तर आत्ताच उचला. उचललं. चॉक पेंटचे व्हिडिओ मी वर्षभर बघत होते, जीव नुसता तुटत होता, म्हणून एका भारतीय कंपनीचा ५०० मिलीचा ऑफव्हाइट डबा आणि सोबत क्लिअर वॅक्सची, म्हणजे रंगाचं रक्षण करायला वरून चोळायच्या मेणाची, छोटी डबी ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं अशा कुठल्याही डब्याला लागू पडतं.

आधी एक गोंधळ मिटवते. मी पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात चॉक पेंट मागितला तर त्यांनी फळ्याला लावायचा काळा रंग काढून दिला, ज्यावर खडूने लिहिता येतं तो. तो चॉकबोर्ड पेंट, पूर्ण वेगळी गोष्ट. चॉक पेंट म्हणजे पाण्यात मिसळणारा, एकदम मॅट, वाळल्यावर खडूवर हात फिरवल्यासारखा लागणारा रंग. ॲनी स्लोन नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९९० मध्ये तो बाजारात आणला, त्यांचं काम ऑक्सफर्डमधून चालतं, आणि चॉक पेंट हे त्यांनी ट्रेडमार्क करून घेतलेलं नाव आहे, म्हणून बाकीच्या बऱ्याच कंपन्या डब्यावर चॉक फिनिश किंवा चॉकी पेंट असं काहीतरी लिहितात. रंगात खडूसारखी पूड भरपूर आणि ती धरून ठेवणारा चिकट भाग त्या मानाने कमी, त्यामुळे तो पटकन वाळतो, चमकत नाही, आणि त्याचमुळे पाणी, तेल, चहा, हळद सगळं पिऊन टाकतो. त्याचे गुण आणि दोष दोन्ही याच एका गोष्टीतून येतात, हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

आता टेबल. डब्यावर लिहिलं होतं, घासायची गरज नाही, प्रायमरची गरज नाही, कुठल्याही पृष्ठभागावर लावा. मी म्हटलं बघू या. टेबल भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने दोनदा पुसून घेतलं, वाळू दिलं, मग अर्ध्या भागावर तसाच रंग लावला आणि अर्ध्या भागावर आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, अगदी हलका, फक्त सनमायकाची चमक मरेपर्यंत. दोन हात दिले, मधे दोन तासांचं अंतर. दिसायला दोन्ही बाजू अगदी सारख्या. दोन दिवसांनी नखाने खरवडून बघितलं तर न घासलेल्या बाजूचा रंग उन्हाने भाजल्यावर कातडी निघते तसा पापुद्र्याने निघून आला, खालचा सनमायका जसाच्या तसा चकचकीत. घासलेल्या बाजूला नखाचा नुसता पांढरट ओरखडा आला, बोट फिरवलं तर तोही गेला. त्यामुळे सनमायका असेल तर घासाच, दहा मिनिटांचं काम आहे. कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर आलं की अजून एक हात द्या. निघून येणाऱ्या थरावर अजून एक थर दिल्याने काय होणार, हे त्यांनीच मला सांगावं. मला खरंच राग आला, कारण डब्यावरचं ते घासायची गरज नाही हे वाक्य वाचूनच लोक डबा घेतात.

रंग मात्र सुंदर आहे, हे मनापासून सांगते. दोन हातांत चॉकलेटी रंग पूर्ण झाकला गेला. वास जवळजवळ नाही, मी बाल्कनीचं दार लावून आतल्या खोलीत लावला आणि रात्री तिथेच झोपलो. ब्रश साध्या पाण्याने धुतला जातो. ऑइल पेंटसारखे ओघळ येत नाहीत. माझ्यासारख्या आयुष्यात कधी ब्रश न धरलेल्या बाईलाही पहिल्याच दिवशी जमतं, आणि कचऱ्याशेजारून उचललेली वस्तू संध्याकाळपर्यंत खोलीत ठेवण्याजोगी होते, हा आनंद मोठा आहे.

खरी परीक्षा वॅक्सची. कापडाने थोडं थोडं घेऊन चोळायचं आणि जास्तीचं पुसून काढायचं, वाळल्यावर रंग किंचित गडद होतो आणि हाताला मऊ लागतो, फार छान लागतो. पण वॅक्स दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला तीन आठवडे ते महिना लागतो, आणि माझ्याकडे हा सगळा मजकूर डबीच्या तळाशी बारीक अक्षरात होता. दहाव्या दिवशी घरात कुणीतरी चहाचा स्टीलचा पेला ठेवला आणि गोल वळ उमटलं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मऊ तर त्याच्या कितीतरी आधीच पडतं, आणि आपल्याकडे चहा उकळता ओततात, स्टील लगेच तापतं, मग वळ उठणारच. कपाखाली कोस्टर ठेवायची सवय असलेल्या घरांसाठी वॅक्स ठीक आहे, आमच्याकडे तशी सवय नाही आणि लागणारही नाही.

मग मी पाण्याचं मॅट वॉर्निश आणलं आणि थेट त्या वॅक्सवर लावलं. अळूच्या पानावर पाणी पडल्यासारखं ते थेंब थेंब होऊन गोळा झालं, पसरेचना. वॅक्सवर पाण्याचं काहीही बसत नाही. शेवटी टर्पेंटाइनने वरची फळी तीन वेळा पुसली, परत घासली, परत एक हात रंग आणि त्यावर वॉर्निशचे दोन हात. हे लक्षात ठेवा, वॅक्स लावायचं की वॉर्निश हे रंगाचा डबा उघडायच्या आधी ठरवा, कारण वॉर्निशवर नंतर वॅक्स चालतं पण उलटं चालत नाही. आणि वॉर्निश पाण्याचंच घ्या, तेलाचं वॉर्निश पांढऱ्या रंगावर पुढे पिवळं पडतं.

मार्चमध्ये साताऱ्याहून मावशीचं फडताळ आलं. जुन्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते कुणालाच नको होतं, मागच्या पडवीत पडून होतं. जंगली लाकूड, दाराला जाळी, ती गंजलेली, खालच्या फळीला भुंग्याने भोकं पाडलेली. भोकांत कीडनाशक सोडून आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं, मग भुसा आणि फेविकॉल कालवून भरली. जाळी नवी बसवली. मावशी या फडताळात दुधाचं पातेलं, लोण्याची वाटी आणि आमच्यापासून लपवलेले लाडू ठेवायची, अजूनही दार उघडलं की तुपाचा अगदी पुसट वास येतो, तो मी मुद्दाम घालवला नाही, आतून रंगच दिला नाही.

बाहेरून ऑफव्हाइट लावला आणि सकाळी उठून बघते तर गाठींच्या भोवती चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग. अजून एक हात दिला, डाग परत वर. तिसरा हात, परत. लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तपकिरी रंग सोडणारं द्रव्य, पाण्यात विरघळतं आणि पाण्याच्या रंगाबरोबर वर येतं, त्यामुळे पाण्याचा रंग कितीही थापला तरी थांबत नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवलं. ते म्हणाले, ताई, याला लाखेशिवाय दुसरं औषध नाही. त्यांनी सांगितलं तसं चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली, सकाळी बाटली न हलवता वरचं नितळ तेवढं काढून घेतलं, कारण खाली गढूळ बसतं ते लाखेतलं मेण आणि त्यावर रंग नीट धरत नाही. नितळ लाखेचे दोन पातळ हात दिले, स्पिरिट उडून जातं त्यामुळे अर्ध्या तासात कोरडं. त्यावर चॉक पेंटचा एकच हात पुरला आणि आज सहा महिने झाले, एकही डाग वर आलेला नाही. व्हिडिओंमध्ये जो महागडा स्टेन ब्लॉकर, म्हणजे डाग वर येऊ न देणारा थर, दाखवतात त्यातले बरेच मुळात लाखेचेच असतात, आणि लाख पिकते आपल्याच देशात, झारखंड छत्तीसगडकडे, हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते.

त्याच सुतारकाकांनी मला आणखी एका गोष्टीपासून वाचवलं. आजोबांची सागवानी आरामखुर्ची मी रांगेत लावून ठेवली होती. त्यांनी तिच्या हातावर अंगठ्याने थुंकी लावून चोळलं, रेषा उजळल्या, आणि एवढंच म्हणाले, ही रंगवणार तुम्ही? मला उत्तर देता आलं नाही. तिला आता फ्रेंच पॉलिश केलंय. माझं मत स्पष्ट आहे, चॉक पेंट हा सनमायका, प्लायवूड, एमडीएफ, डाग पडलेलं जंगली लाकूड यांच्यासाठी आहे, सागवान आणि शिसवीसाठी नाही. एकदा त्या रेषांत पांढरा रंग शिरला की कोरीवकामातून तो पूर्ण काढणं फार अवघड. जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये बर्मा टीकची जुनी कपाटं मिळतात, ती घेऊन कुणी ऑफव्हाइट करणार असेल तर कृपा करून थांबा.

जुलैत जुन्या बाजारातून, म्हणजे पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तो, एक स्टूल आणलं. त्यावर ऑइल पेंटचे तीन थर, हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली अजून काहीतरी. इथे जरा काळजी घ्या. आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, त्यामुळे असं जुनं रंगवलेलं फर्निचर कोरडं घासू नका, पाण्याचा पेपर घेऊन ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि राड ओल्या फडक्याने उचला.

स्टूलासाठी डबा मागवला नाही, घरीच रंग केला. पाव वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग त्यात पाऊण वाटी उरलेला भिंतीचा इमल्शन. खर्च नगण्य आणि झाकणशक्ती चांगली, पण रवाळ होतो, वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर फिरवावाच लागतो, आणि वाटीत उरलेला रंग दोन तासांत घट्ट व्हायला लागतो म्हणून लागेल तेवढाच करा. प्लास्टरऐवजी साधी चॉक पावडर घातली तर घट्ट होण्याचा त्रास नाही. स्टूल, कुंडीचा स्टँड, फोटोच्या फ्रेम असल्या छोट्या कामाला मी आता हेच करते, मोठ्या आणि समोर दिसणाऱ्या वस्तूला डबा घेते कारण तो खरंच जास्त गुळगुळीत बसतो.

पण पावसाळ्यात करू नका ही विनंती. उन्हाळ्यात दोन तासांत वाळणारा हात जुलैत दुसऱ्या दिवशीही गार लागत होता, आणि त्यावर चोळलेलं वॅक्स ऑगस्टभर चिकट राहिलं, वर धूळ बसून काळपट झालं ते वेगळंच.

कडा घासून मुद्दाम जुनं दाखवायची फॅशन मी टेबलाच्या पायांवर करून बघितली, आधी कडेला मेणबत्ती घासून वर रंग द्यायचा, मग तिथला रंग सहज निघतो. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि हळूच विचारलं, अगं, या कोपऱ्यांचा रंग पुरला नाही का? मी पाय परत पूर्ण रंगवले. आपल्या घरात पोपडे म्हणजे पोपडेच दिसतात.

आता सप्टेंबर. टेबलाच्या वरच्या फळीवर वॉर्निश असल्यामुळे ती नव्यासारखी आहे. ड्रॉवरवर मात्र वॅक्सच ठेवलं होतं, तिथे मुठीच्या भोवती बोटांचा तेलकट काळपटपणा आलाय, साबणाने पुरता निघत नाही. फडताळावर मे महिन्यात हळदीची बरणी सांडली होती, वॉर्निश असूनही पिवळा डाग राहिला, पुसून पुसून दमले, शेवटी ते फडताळ चार दिवस बाल्कनीच्या उन्हात नेऊन ठेवलं आणि हळद आपोआप उडाली. दसऱ्याच्या साफसफाईत ड्रॉवरचं वॅक्स टर्पेंटाइनने काढून त्यालाही वॉर्निश देणार आहे, वॅक्सची अर्धी डबी उरलीय ती फोटोच्या फ्रेमना वापरेन.