तळटिपांसाठी घ्यावे असे संविधान

आमच्या गावच्या वाचनालयात कायद्याच्या कपाटातून सर्वाधिक बाहेर जातात ती ‘सोप्या भाषेत कायदा’ या जातीची पुस्तके. ‘भारताचे संविधान’ ही अधिकृत मराठी आवृत्ती मात्र २६ नोव्हेंबरला आणि २६ जानेवारीला टेबलावर येते, उद्देशिकेचे वाचन होते आणि ती पुन्हा कपाटात जाते. यंदा खरेदीच्या यादीत कोणते पुस्तक ठेवावे हे ठरवायचे असल्याने मी ही आवृत्ती आणि तसले एक लोकप्रिय मार्गदर्शक शेजारी ठेवून वाचले.

संविधानाच्या मराठीबद्दलची तक्रार आधी नोंदवतो, कारण ती खरी आहे. उद्देशिकेतला न्याय ‘राजनैतिक’ आहे, आपण ‘राजकीय’ म्हणतो. अनुच्छेद ३२ मधला ‘महादेश’ हा शब्द वाचून एका वाचकाने हा कुठला देश म्हणून विचारले होते. कायद्याने नेमून दिलेले काम कर, असा न्यायालयाने शासनाला किंवा अधिकाऱ्याला दिलेला हुकूम म्हणजे महादेश, हे सांगितल्यावर त्यांनी ‘मग मँडामस म्हणा ना’ असे उत्तर दिले. वकील मंडळीही तेच म्हणतात. पोटवाक्यांत पोटवाक्ये अडकलेली असतात आणि ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक आधी दिलेले बरेचसे काढून घेते, त्यामुळे पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय हे पुस्तक वाचता येत नाही.

असे असूनही मी ते सुचवतो आहे, आणि त्याचे कारण पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. मूलभूत हक्कांच्या भागात मालमत्तेच्या हक्काच्या अनुच्छेद ३१ पाशी यावे. तिथे मजकूर उरलेलाच नाही; १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या सुधारणेने तो २० जून १९७९ पासून वगळला, एवढीच नोंद आहे. मालमत्तेचा हक्क बराच पुढे, बाराव्या भागात, अनुच्छेद ३००क म्हणून एका वाक्यात भेटतो: कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. ज्याची जमीन रस्त्यासाठी संपादित होणार आहे, अशा शेतकऱ्याने ही दोन पाने एकापाठोपाठ पाहिली, तर त्याचा हक्क टिकला पण त्याची जागा बदलली, आणि त्यासाठी मूलभूत हक्कांपुरती असलेली, अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट बंद होऊन उच्च न्यायालयाची अनुच्छेद २२६ ची वाट उरली, हे त्याला उमगेल. दुसरी जागा अनुच्छेद २१क ची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारी सुधारणा २००२ ची, आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. मधल्या वर्षांत सहा वर्षांचे मूल चौदाचे होण्याच्या बेतात येते. मूळ अनुच्छेद ४५ ने हेच काम संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले होते, हे आठवले की ती तारीख अधिकच टोचते.

अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ ला तळटिपेची गरज पडलेली नाही. तिथे पाहायचे ते अवतरणचिन्ह. ‘अस्पृश्यता’ हा शब्द मूळ इंग्रजी संहितेत अवतरणचिन्हांत आहे आणि संविधानात त्याची व्याख्या कुठेही दिलेली नाही. म्हणजे शब्दकोशातला अर्थ इथे चालणार नाही, या देशात ती जशी पाळली गेली तोच अर्थ घ्यायचा, असे त्या दोन चिन्हांतून न्यायालयानेही वाचले आहे.

आता मार्गदर्शकाकडे वळतो. प्रकाशकाचे नाव घेत नाही. भाषा खरोखर सोपी, टाइप मोठा, मुखपृष्ठावर ‘नवीन आवृत्ती’. आत मात्र पत्नीच्या पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सांगितले आहे आणि फसवणुकीसाठी भारतीय दंड संहितेचे ४२०. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी अनुक्रमे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहेत. जुन्या प्रकरणांपुरते जुने आकडे लागतात हे मान्य, पण तसे सांगणारी एक ओळही पुस्तकात नाही, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा दिला आहे तेही छापलेले नाही. नव्याने पोटगीचा अर्ज करायला निघालेल्या बाईच्या हाती असले पुस्तक द्यायला मी तयार नाही.

संविधानाची प्रत घेतानाही कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते सुरुवातीच्या पानांत पाहून घ्यावे. अनुच्छेद ३३०क, म्हणजे लोकसभेतील महिलांच्या राखीव जागांचा, सापडला नाही, तर ती प्रत २०२३ च्या एकशे सहाव्या सुधारणेच्या आधीची आहे. आमच्या वाचनालयासाठी मी दोन प्रती लिहून दिल्या आहेत, एक कपाटासाठी आणि एक पेन्सिलीसकट वाचनकक्षातल्या टेबलासाठी.