नवी पेठेतलं लॅपटॉप रिपेअरचं दुकान, काम एक नंबर पण टायमाचं विचारू नका

लाव्हा कसा वाहतो त्याचं मी कॉम्प्युटरवर मॉडेल करतो, पीएचडी चालूय, आणि रन लावला की लॅपटॉप इस्त्रीसारखा तापून बंद. काकांनी पंखा उघडला तर आत कापसाचा गोळा, घराशेजारी टॉवेलचे माग आहेत ना! साफ करून थर्मल पेस्ट लावली, आता रात्रभर चालतोय. "सोलापुरात कुठला ओ ज्वालामुखी?" म्हटलं काका, खालचा काळा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हाच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो गार होईल तसा घट्ट होत जातो, ते गणित नकाशाच्या प्रत्येक चौकोनासाठी पुन्हा पुन्हा करायचं, मशीन तापणारच की. 'उद्या या' म्हणत चार दिवस फिरवलं, म्हणून एक स्टार कापला.