सेंट्रल लॉकच्या नावाखाली १५,६०० घेतले, निघाली तुटकी वायर

आधीच सांगतो, मी गाडीच्या बाबतीत अगदीच अडाणी माणूस नाही. ऑइल, बॅटरी, एअर फिल्टर सगळं स्वतः बघतो, म्हणूनच हे जास्त झोंबतंय. घरच्यांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

गाडी २०११ ची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. बटण दाबलं की कधी चारही दारं लॉक व्हायची, कधी फक्त ड्रायव्हरचं, आणि कधी लॉक होऊन लगेच खटकन परत उघडायची. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, जुनी गाडी आहे साहेब, फ्यूज बघून घ्या. फ्यूज बघितला, चांगला. रिमोटमधला सीआर २०३२ सेल बदलला, काही फरक नाही. ड्रायव्हरच्या दारात चावी फिरवून लॉक केलं तरी हाच तमाशा, म्हणजे रिमोटचा दोष नाही इतकं मलाही कळत होतं.

मग एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. बाहेर मोठा बोर्ड, आत टेबलावर गाडीचे फॉल्ट वाचणारा स्कॅनर ठेवलेला (जो माझ्या गाडीला एकदाही लागला नाही, हे नंतर आठवलं). त्याने दोनदा बटण दाबलं आणि सरळ निकाल दिला, मॉड्यूल (सेंट्रल लॉक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलंय, त्याच्यामुळे चारही अ‍ॅक्चुएटर (दारातलं लॉक फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) पण कमजोर झालेत, एकेक बदलत बसलात तर परत परत याल, एकदाच करून टाका.

आता ती वेळ ऐका, जिच्यामुळे मला अजून झोप लागत नाही. मी तिथेच उभा होतो, ड्रायव्हरचं दार अर्धवट उघडं होतं, त्याच्या हाताखालच्या पोराने बटण दाबलं आणि बाकीची तिन्ही दारं खटाखट लॉक झाली. दार पूर्ण लावलं, परत दाबलं, काहीच नाही. मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "अहो दादा, दार उघडं असताना चालतंय की!" तो हसला, "साहेब, मॉड्यूल मरायच्या आधी असंच करतं." आणि मी मान डोलावली! मॉड्यूल बसलेलं असतं डॅशबोर्डखाली, त्याला दार उघडं की बंद याने मरायचं काय कारण? पण माणूस इतक्या खात्रीने बोलत होता, वर मला ऑफिसला उशीर होत होता, तिथे कोणीही हो म्हणाला असता.

दार हलवलं की चालू आणि लावलं की बंद, याचा अर्थ बहुतेक वेळा वायर. दार आणि बॉडीच्या मध्ये बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, सगळ्या वायरी त्यातून जातात, दार उघडमिट करताना रोज वाकतात आणि वर्षानुवर्षांनी आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारातल्या अ‍ॅक्चुएटरमध्येच स्विच असतो, दार लॉक आहे की नाही हे तोच मॉड्यूलला कळवतो. त्याची वायर तुटली की मॉड्यूल गोंधळतं, म्हणून ते लॉक होऊन परत उघडणं. एकच दार चालत नसेल तर त्या दाराचा अ‍ॅक्चुएटर किंवा त्याची वायर, मॉड्यूलवर जायच्या आधी हे तपासायचं. मल्टिमीटर लावून बटण दाबल्यावर अ‍ॅक्चुएटरच्या कनेक्टरला क्षणभर १२ व्होल्ट येतात का बघायचं, थोड्या वेळाचं काम. जो मीटर हातात न घेता पार्ट सांगतो, त्याच्याकडून गाडी तशीच बाहेर काढा.

हिशोब: मॉड्यूल ९,५००, चार अ‍ॅक्चुएटर ८५० प्रमाणे ३,४००, रिमोट प्रोग्रॅमिंग १,२००, मजुरी १,५००. एकूण १५,६००, यूपीआयने, बिल म्हणून कागदाची चिठ्ठी. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. सकाळी काढलेले पार्ट दुपारी भंगारात?? पक्कं बिल आणि जुने पार्ट हातात आल्याशिवाय पैसे ट्रान्सफर करू नका.

काही आठवडे लॉक झकास चाललं. मग पुन्हा तेच. त्याला फोन केला तर इलेक्ट्रिकलला वॉरंटी नसते म्हणाला. दुसऱ्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने आधी ती रबरी नळी मागे सरकवली. आत एक वायर तुटलेली आणि दुसरीला नवीकोरी काळी टेप! म्हणजे त्या हरामखोराला खरा फॉल्ट सापडला होता, पीळ देऊन टेप मारली आणि बिल मॉड्यूलचं लावलं. मॉड्यूल बघितलं तर जुनंच, धूळ तशीच, स्क्रूला हात लागलेला नाही. बदललेले अ‍ॅक्चुएटर तेवढे खरे, पण हलके लोकल, आणि माझे कंपनीचे चांगले काढून घेतले ते वेगळंच. सोल्डरिंग करून, स्लीव्ह घालून याने घेतले ४५०. फक्त साडेचारशे.

पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे हा सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना? अर्ज घेतला, पोच मागितली तर माझ्याकडेच असं बघितलं की चोरी मीच केलीय. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, नंतर मेसेज आला की दुकानाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणून बंद? तो कशाला देईल प्रतिसाद? पुन्हा फोन केला तर सगळी कथा पहिल्यापासून, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात जा. आता कायद्याने पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं मान्य. पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुरावे, आणि पुरावा काय तर शिक्का नसलेली चिठ्ठी. दोन्ही वायरींचे फोटो काढून ठेवलेत, टेप सोडवायच्या आधीचे, आणि म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने जे दिसलं ते लिहून सही करून दिलंय. तुम्हीही दुसरीकडे दुरुस्त करायच्या आधी फोटो काढा, नंतर काही उरत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यू मात्र सगळ्या आकड्यांसकट टाकलाय. त्यावर परवा त्याचाच फोन, "साहेब, रिव्ह्यू काढा, पाचशे रुपये परत देतो." मी म्हटलं माझे चार अ‍ॅक्चुएटर आधी आण, तर फोन कट. आयोगातला अर्ज याच आठवड्यात भरतोय.